वॉपिंगच्या गुत्त्यात ओळखलेला चेहरा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या माळ्यावर एखादं जुनं तांब्याचं पातेलं असेल. काठाखाली आजीचं नाव, लग्नाची तारीख. भांड्याच्या दुकानात तो माणूस टिकटिक टिकटिक करत नाव घालायचा, ते तुम्ही पाहिलं असेलच. आजचं चित्र असंच तांब्यावर कोरलेलं आहे. फरक एवढाच, की पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं. मग रेघांमध्ये शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. रेघेत अडकलेली शाई कागद ओढून घेतो. उलटं कोरलेलं सुलटं उमटतं.

चित्र आहे जॉर्ज जेफ्रीजचं. जन्म १६४५ चा, वेल्समधला. १६८३ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, हा माणूस इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला. चित्रकार गॉडफ्री नेलरनं त्याचं रंगचित्र काढलं आणि त्यावरून रॉबर्ट व्हाइटनं तांब्यावर कोरलं. बघितलंत तर फसाल. खांद्यावरून खाली आलेला कुरळ्या केसांचा टोप, आणि त्यात नाजूक, देखणा, जवळजवळ हळवा म्हणावा असा चेहरा.

चित्रकाराला पैसे कोण देतो, यावर चेहरा ठरतो. आपल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. साठीच्या साहेबांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती सापडली तर सांगा! निदान नेलरला हात तरी होता. असो.

तर हा हळव्या चेहऱ्याचा जेफ्रीज. १६८५ मध्ये मॉनमथच्या ड्यूकनं राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड केलं, ते फसलं, आणि बंडखोरांचे खटले चालवायला जेफ्रीजला पाठवलं. विंचेस्टर, डॉर्चेस्टर, टॉन्टन... गावोगाव फाशीचे खांब उभे राहिले. शेकडो लोकांना वेस्ट इंडीजच्या बेटांवर मजुरीला धाडलं. लोक त्या खटल्यांना ‘रक्ताळलेली न्यायालयं’ म्हणू लागले. राजानं मात्र खूश होऊन त्याला लॉर्ड चान्सलर, म्हणजे न्यायव्यवस्थेतला सर्वांत वरचा अधिकारी केलं. आपला संबंधही सांगून टाकतो: ईस्ट इंडिया कंपनीखेरीज दुसऱ्या इंग्रजानं हिंदुस्थानशी व्यापार करायचा नाही, ही मक्तेदारी कायदेशीर ठरवणारा १६८५ चा निकाल याच जेफ्रीजचा. मुंबई कंपनीच्या हाती येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

आता ती गोष्ट. हिच्यासाठीच मी आज इथं येऊन बसलोय.

वॉपिंग म्हणजे लंडनची थेम्सकाठची खलाशांची वस्ती. तिथं एक दस्त लिहिणारा होता. आपल्याकडं कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतात ना, त्या जातकुळीतला. जहाज तारण ठेवून दिलेल्या कर्जाच्या भानगडीत तो जेफ्रीजपुढं उभा राहिला. समोरचा वकील सहज म्हणाला, हा माणूस कधी सरकारी चर्चमध्ये जातो, कधी विरोधकांच्या प्रार्थनेला. बहुतेक ‘ट्रिमर’ असावा. ट्रिमर म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा. झालं! जेफ्रीज खवळला. ट्रिमर? हा प्राणी मी ऐकलाय, पाहिला नाही. ये, पुढं ये, गोल फिर, बघू दे तुझा आकार! आणि मग अशी झोड उठवली, की त्या बिचाऱ्याचे पाय लटपटायला लागले.

बाहेर आल्यावर मित्रांनी विचारलं, सुटलास ना रे? तो म्हणाला, सुटलो, पण त्या चेहऱ्याच्या दहशतीतून! जीव वाचवायला म्हणूनसुद्धा तो चेहरा पुन्हा बघणार नाही, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. ही हकीकत त्याच काळातल्या रॉजर नॉर्थ या वकिलानं लिहून ठेवली आहे.

लक्षात ठेवा हं: मरेपर्यंत विसरणार नाही.

डिसेंबर १६८८. वारं फिरलं. जेम्सची सत्ता कोसळली आणि तो ११ तारखेला पळाला. जेफ्रीजनंही टोप काढला, भुवया उतरवल्या, खलाशाचे मळके कपडे चढवले आणि वॉपिंगला एका जहाजात लपला. तिथंच गप्प बसता तर सुटता. पण गडी पिणारा! उतरला आणि शिरला गुत्त्यात. आणि आमचा दस्तलेखक गिऱ्हाइकं शोधत नेमका त्याच गुत्त्यात डोकावला. कोपऱ्यात एक खलाशी, हातात बिअरचा पेला. टोप नाही, झगा नाही, भुवया नाहीत. पण नजरेला नजर भिडली आणि हा दचकला. तोच चेहरा! जेफ्रीजला कळलं, आपल्याला कुणीतरी न्याहाळतंय. तो खोटं खोटं खोकला आणि पेल्यासकट भिंतीकडं वळला. दस्तलेखक काही न बोलता बाहेर पडला आणि बाहेर बोभाटा केला.

पुढचं भराभर सांगतो. जमाव आत घुसला. शिपायांनी जेफ्रीजला कसाबसा वाचवून महापौरापुढं नेलं, तर महापौरालाच झटका आला. शेवटी जेफ्रीज स्वतःच म्हणाला, मला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात कोंडा, तिथं तरी जिवंत राहीन. तिथंच १८ एप्रिल १६८९ ला, मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यानं, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

वॉपिंगच्या त्या प्रसंगाचंही चित्र छापलं गेलं. शीर्षक सरळ: लॉर्ड चान्सलर वॉपिंगला वेषांतरात पकडले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. एक नेलरनं बघितलेला जेफ्रीज, एक गर्दीनं बघितलेला.

काचेपलीकडून खूण झाली. मेझोटिंट म्हणून दुसरी एक पद्धत सांगायची होती: सगळा पत्रा आधी खरबरीत करायचा आणि उजेड हवा तिथं घासून गुळगुळीत करायचा. त्यात टोपाचा काळा रंग असा मखमली उतरतो... पण ते पुढच्या मंगळवारी. नमस्कार.