एक तार लाखेची

(दृश्य : म्हापसा बाजार, सकाळ. गर्दीतून आत, अरुंद दुकान.)

शुक्रवार. म्हापशाचा बाजार ओसंडून वाहतोय. चोरिसांच्या माळा, मातीची मडकी, मयड्याची केळी. या गर्दीतून दोन वळणं आत आलं की कलकलाट मागे राहतो आणि घड्याळदुरुस्तीचं हे टेबल दिसतं. काका इथे ४१ वर्षं बसतायत.

कामाला हात घालण्याआधी त्यांनी काय केलं बघा. पंखा बंद केला. मे महिन्यात, म्हापशात! आमच्या ध्वनिमुद्रकाला वाटलं, आपल्यासाठीच केला. तसं नव्हतं. आता टेबलावर जे येणार आहे, ते एका फुंकरीने उडून जाईल.

(दृश्य : चिमट्यात पॅलेट, अगदी जवळून.)

हे पॅलेट. बोटीच्या नांगरासारखा आकार, आणि नांगराच्या दोन्ही टोकांना लालबुंद ठिपके. ही माणकं आहेत. तिळापेक्षा लहान, भट्टीत बनवलेली. घड्याळाचं दातेरी चाक एकदा या माणकावर अडतं, एकदा त्या. त्या अडण्या-सुटण्याचाच आवाज आपण टिकटिक म्हणून ऐकतो. या जातीच्या घड्याळात सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार.

एवढा मार खाणारं माणिक पोलादाच्या खाचेत धरून कोण ठेवतं? स्क्रू नाही, डाग दिलेला नाही. नीट बघा, खाचेच्या कडेला मधाच्या रंगाचा एक पातळ थर आहे. ती लाख आहे.

(दृश्य : बाटलीतून पापड्या काचेवर ओतताना.)

हीच ती चपडा लाख. सुताराकडे पॉलिशला असते तीच. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा हे कवच स्वतःभोवती रचतो. झारखंड, छत्तीसगडच्या जंगलांतून ती येते. रांचीला तर १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आपल्याकडे मात्र लाख म्हटली की आधी लाक्षागृह आठवतं, मग बांगड्या. शेट मंडळी, म्हणजे आपले सोनार, पोकळ सोन्याच्या मण्यात लाख भरतात, शेजारच्या सावंतवाडीचं लाखकाम तर सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज घरोघरी पोचला, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. विषय सोडून बोलतोय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उन्हाळ्यात या पापड्या बाटलीतच एकमेकींना चिकटून ढेकूळ होतं. काका ते चाकूच्या मुठीने फोडतात.

(दृश्य : स्पिरिटचा दिवा. लाखेची तार ओढताना. हे दृश्य पूर्ण ठेवावं.)

आता बघा. एक पापडी ज्योतीजवळ, ज्योतीत नाही. कडा वितळते, चकाकते. दुसऱ्या चिमट्याने ती कडा धरली आणि ओढली.

(थोडी शांतता.)

लाडवाच्या पाकाची तार बघतात तशीच ही तार बघायची. जाड झाली तर माणकावर ओघळ येतो. फार बारीक झाली तर हवेतच तुटते. जमलेली तार केसाएवढी, सोनेरी आणि काचेसारखी ठिसूळ. तिचे नखाने तुकडे पाडायचे. एका माणकाला एक तुकडा पुरतो.

(दृश्य : दांड्याची पितळी पट्टी, तिच्यावर पॅलेट उलटं ठेवलेलं.)

पॅलेटला थेट आच दाखवायची नाही. या पितळी पट्टीवर ते ठेवायचं आणि दिवा पट्टीखाली धरायचा. पट्टी किती तापली ते कळायला तापमापक नाही. काकांनी पट्टीच्या कोपऱ्यावर लाखेचा एक कण ठेवलाय, तो दिसतोय? सुईने ते तो कण मधूनमधून टोचतात. सुई उचलताना कणातून तार निघाली, की पॅलेटवरची लाखही तयार. आच जास्त झाली तर लाखेला बुडबुडे येतात आणि तिची पकड जाते. त्यापुढे गेलात तर पोलाद आधी गवतासारखं पिवळं पडतं, मग निळं.

(दृश्य : भिंगातून. लाखेचा तुकडा वितळून फटीत शिरताना.)

हा तुकडा ठेवला. आणि हा गेला. ढकलावा लागला नाही, माणिक आणि पोलाद यांच्या फटीत लाख आपणहून ओढली गेली.

"बाय, मातशें राव."

जरा थांब, हे काकांनी आम्हाला नाही, समोर उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं. घड्याळ तिच्या वडिलांचं, एचएमटी जनता. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरूला ही घड्याळं बनायला लागली. २०१६ च्या जानेवारीत सरकारने तो कारभार गुंडाळायला मंजुरी दिली. आता सुटे भाग मिळतात ते जुनी घड्याळं फोडून.

हे घड्याळ याआधी दुसरीकडे कुठेतरी उघडलं गेलं होतं. तिथे कोणीतरी माणिक झटपट गमाने चिकटवलं. चिकटलं, पण तिरकं. शिवाय त्या गमाची वाफ शेजारच्या भागांवर पांढरी भुकटी होऊन बसली. ते सगळं सोडवायलाच काकांचा कालचा दिवस गेला. दोन मिनिटांचं काम म्हणून कोणी खूश झालं असेल, त्याची भरपाई अशी एक पूर्ण दिवस बसून करावी लागते.

(दृश्य : पट्टी पुन्हा गरम करताना.)

लाखेचं तसं नाही. माणिक किंचित जास्त बाहेर आलं तर चाकाचा दात खोलवर अडतो आणि घड्याळाचा दम कमी होतो. जास्त आत गेलं तर दात अडतच नाही, निसटतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका असतो, पहिल्याच खेपेला बरोबर बसेल असं कोणीच म्हणत नाही. मग पट्टी पुन्हा तापवायची, लाख मऊ झाली की माणिक सुईने जरासं सरकवायचं आणि निववायचं. काकांनी आज हे तीनदा केलं. आणखी वीस वर्षांनी कोणी हे घड्याळ उघडलं, तर त्यालाही चौथ्यांदा करता येईल.

पथ्य एकच, आणि ते बऱ्याच नवशिक्यांना महागात पडतं. पॅलेट अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचं नाही. लाख त्यात विरघळते आणि माणकं वाटीच्या तळाशी सापडतात. म्हणून काकांच्या टेबलावर धुण्यासाठी पेट्रोलची वाटी आहे.

(दृश्य : घड्याळात पॅलेट बसवताना. बॅलन्सचं चाक फिरू लागतं.)

(निवेदन थांबवावं. फक्त टिकटिक.)

काकांच्या हाताखाली एक मुलगा होता, तो आता मोबाइल दुरुस्त करतो. दिवाळीनंतर दुकानाची जागा परत द्यायची आहे.

(दृश्य : मुलगी घड्याळ कानाशी धरते. काकांचे हात.)

काचेवर सांडलेले लाखेचे कण काका जुन्या पोस्टकार्डाने गोळा करतायत. ते पुन्हा बाटलीत जातात, पुन्हा वितळतात. बाटलीचं झाकण लागलं.

आता पंखा.