आधी कल्चर, मग डोस

(पाऊस, छत्र्या, परळचा रस्ता)

परळ, सकाळचे पावणेआठ. पाऊस कालपासून थांबायचं नाव घेत नाहीये आणि हे बघा, घोट्याच्या वर पाणी, चपला हातात घेऊन लोक कामाला निघालेत. हे पाय लक्षात ठेवा, पुढे वॉर्डात परत येणार आहेत.

ही हाफकिन इन्स्टिट्यूट. बाहेरूनच शूट केलंय, गेटपर्यंतच पोचलो. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस बनवत होते, आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लस झाली, पण ज्याला प्लेग झालाच आहे त्याला द्यायला हातात काही नव्हतं. १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं, ते प्लेगवर चालत नाही. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. औषध भारी असून उपयोग नाही, समोरच्या जंतूवर चाललं पाहिजे, आणि हेच शिकायला आमची डॉक्टर आज जिने उतरून लॅबमध्ये चाललीय.

(जिना, लॅबचा दरवाजा)

मेडिसिनची फर्स्ट इयर रेसिडेंट. फार्माकॉलॉजी तोंडपाठ, ग्रुप विचारा, डोस विचारा, साइड इफेक्ट विचारा, धडाधड सांगते. पण रात्री दोनला तापाने फणफणलेला माणूस समोर आला की हात आपोआप अँटिबायोटिक म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लिहितो, कारण सिनियर तेच लिहायचे आणि त्यांचे सिनियर पण तेच. ती स्वतःच हसत सांगत होती हे. मग युनिटच्या सरांनी पंधरा दिवस मायक्रोबायोलॉजीला पाठवलं. अशी पोस्टिंग प्रत्येक फिजिशियनला, सर्जनला मिळायला हवी असं आमचं मत आहे, आणि ते लपवायचा आमचा काही विचार नाही.

(सिंक, स्लाइड, जांभळं पाणी)

हा शॉट आम्हाला फार आवडला म्हणून पूर्ण ठेवलाय. स्लाइडवर बेडका, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट, सगळं जांभळं. मग आयोडिन. मग अल्कोहोल, आणि इथे टेक्निशियन काका तिच्या हाताकडे रोखून बघतायत, कारण खेळ काही सेकंदांचा आहे. जास्त वेळ धुतलं तर जांभळे जंतू पण रंग सोडतात, कमी धुतलं तर सगळेच जांभळे राहतात. शेवटी सॅफ्रॅनिन, म्हणजे ज्यांनी रंग सोडला ते गुलाबी. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये ही युक्ती काढली, न्यूमोनियाने गेलेल्या लोकांच्या फुफ्फुसांवर काम करताना, आणि आजही लॅबचा दिवस तिच्यावरच सुरू होतो.

मायक्रोस्कोपमधून बघा. जांभळे गोळे द्राक्षाच्या घडासारखे असले तर स्टॅफिलोकोकस, माळेत असले तर स्ट्रेप्टोकोकस. गुलाबी काड्या असतील तर ई. कोलाय, क्लेब्सिएला, सुडोमोनास वगैरे मंडळी. नाव-गाव कळायला अजून दोन दिवस लागतील पण पंधरा मिनिटांत घराणं कळलं, आणि घराणं कळलं की निम्मी औषधं यादीतून उडतात. व्हॅन्कोमायसिन जांभळ्यांचं, गुलाबी काड्यांवर त्याचा काही उपयोग नाही. आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, आपलं लाडकं, सुडोमोनासला तर काही करतच नाही.

(प्लेट, वरून लाइट)

आता ही प्लेट. मुलर हिंटन अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, फिकट पिवळसर, त्यावर काल एका बाईंच्या लघवीतला ई. कोलाय पसरवला, वर औषधाच्या गोल टिकल्या ठेवल्या आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी टिकलीभोवती जिथे जंतू वाढला नाही तिथे स्वच्छ वर्तुळ. सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती वर्तुळच नाही, जंतू पार टिकलीला चिकटून वाढलेत. नायट्रोफ्युरँटॉइनचं वर्तुळ २० मिलिमीटर, मेरोपेनेम या भारी इंजेक्शनचं २९.

डॉक्टरने पट्टी ठेवून मोजलं आणि म्हणाली, मॅडम, मेरोपेनेम बेस्ट.

लॅबच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, चार्ट पुढे सरकवला. प्रत्येक औषधाचे पासिंग मार्क वेगळे असतात हो. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ ला पास, मेरोपेनेमला २३ ला. टिकलीत औषध किती आहे, ते अगारमधून किती लांब पसरतं, शरीरात कुठे किती पोचतं, सगळं बघून ते आकडे ठरलेत, त्यामुळे दोन औषधांची वर्तुळं एकमेकांशेजारी ठेवून मोठं-लहान करायचंच नाही. दोघंही पास. मग आता प्रश्न प्लेटला नाही, पेशंटला विचारायचा. बाईंना ताप आहे का? नाही. कंबरेत, बरगडीखाली दुखतंय? नाही. नुसती जळजळ, सारखी लघवी. किडनीचा रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयात आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइन नेमकं लघवीतच जाऊन साठतं. पाच दिवसांच्या गोळ्या आणि घरी. ह्याच बाईंना थंडी वाजून ताप आला असता, किडनीपर्यंत गेलं असतं, तर हीच गोळी कुचकामी, कारण रक्तात आणि किडनीच्या मांसात ती पुरेशी पोचत नाही. प्लेट तीच, वर्तुळ तेच आणि उत्तर उलटं.

हे ऐकताना तिचा चेहरा बघा. आम्ही इथे म्युझिक पण टाकलं नाहीये.

(वॉर्ड, पाय)

वॉर्डात चेहरे दाखवायची परवानगी नव्हती म्हणून पाय. नाक्यावर काम शोधणारे दादा, चार दिवस ताप, पोटऱ्या दाबल्या की ओरडतात, डोळे लालभडक.

पाण्यातून चाललात का दादा?

मॅडम, मुंबईत पावसाळ्यात कोण नाही चालत?

हो, पण कधी?

हा "कधी" तिने नवीन शिकलाय. लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, अंगात दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, त्यामुळे आज सकाळचं पाणी मोजायचं नाही, मागच्या आठवड्यातलं मोजायचं. दादा म्हणाले, मागच्या सोमवारी, पायाला कापलेलं होतं. झालं, डॉक्सीसायक्लिन सुरू, सोबत मलेरिया-डेंग्यूच्या टेस्ट. आणि लॅबचं आम्ही इतकं कौतुक केलं तरी सांगायला हवं, लेप्टोचा जंतू इतका बारीक की ग्राम स्टेनवर दिसतच नाही, तिथे पेशंटच्या पायावरची जखमच कामाला येते. पलीकडच्या बेडवर डेंग्यू निघाला, त्याला अँटिबायोटिक शून्य. नातेवाईक विचारत होते, सलाईनमध्ये काहीतरी स्ट्राँग घाला ना.

(रात्र, रक्ताच्या बाटल्या)

रात्री अ‍ॅडमिशन, बीपी कमी, सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनमुळे अख्खं शरीर कोलमडल्याचा संशय. इथे दोन दिवस थांबायला वेळ नाही, तासाभरात डोस गेलाच पाहिजे, अंदाजानेच, पण त्या तासातली पाच मिनिटं कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला रक्त काढून ठेवायची. कातडी नीट पुसून सुकू द्यायची, बाटलीचं रबर पण पुसायचं, एकेका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, दोन वेगळ्या जागांवरून. डोस आधी गेला की बाटलीत बरेचदा काही वाढत नाही आणि मग आठवडाभर सगळे अंदाजच लढवत बसतात. मागच्या महिन्यात एका ठिकाणी आम्ही शूटला गेलो तर कल्चरच्या बाटल्याच संपलेल्या, आणि मेरोपेनेम मात्र कपाटभर. असो.

रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासे होण्याची बाजू आम्ही फार शूट करू शकलो नाही, आयसीयूत कॅमेरा नेता येत नाही. कोलिस्टिन या शेवटच्या राखीव औषधापर्यंत पोचलेले पेशंट या शहरात आहेत, आणि त्यापुढे डॉक्टरांकडे फारसं काही उरत नाही.

(सकाळ, लॅबचा फोन)

दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन. काल रात्रीची बाटली पॉझिटिव्ह, गुलाबी काड्या. डॉक्टर फोन कानाला धरून पेन शोधतेय, वॉर्डबॉय मामांनी खिशातलं काढून दिलं. रात्री अंदाजाने सुरू केलेलं मेरोपेनेम तिने लगेच थांबवलं नाही. केस पेपरवर लिहिलं, "४८ तासांनी रिव्ह्यू, सेन्सिटिव्हिटी बघून", म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते बघून, खाली तारीख आणि वेळ. मग त्याच फोनवर काकांना विचारलं, प्लेट किती वाजता बाहेर काढणार, मी खाली येते.