साडीवरचा शर्ट आणि फॅशनचा अभ्यासक्रम

श्रोतेहो, नमस्कार. फॅशन डिझाइन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींशी आज बोलायचं आहे.

मराठवाड्यातल्या उसाच्या फडात किंवा कापसाच्या वेचणीला गेलात, तर बहुतेक बायकांच्या अंगात साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट दिसेल. हा वेश कुठल्याही डिझायनरनं काढलेला नाही, आणि अभ्यासक्रमातही तो क्वचितच सापडतो. आमच्या मते वेशाचं समाजशास्त्र शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही.

विद्यार्थ्यांना आधी शर्ट नीट पाहायला लावा. उसाचं पान कातडी चिरतं, पानावरची बारीक कूस टोचते, वाळलेल्या बोंडाची टोकं हाताला लागतात, वरून ऊन. म्हणून बाही हवी. पण पुरुषी बेतात खालचं बटण निऱ्यांवर बसत नाही, ते उघडंच राहतं. लांब बाही दुमडल्यावर कोपराशी गोळा होतो. वाकलं की छातीच्या खिशातला मोबाईल खाली. मोळी डोक्यावर चढवताना खांद्याची शिवण ताणली जाते आणि तिथंच उसवते. हे सगळं फडात उभं राहूनच कळतं.

मग पुढचा प्रश्न: शर्ट नवऱ्याचाच का? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. राबणारे हात दोन माणसांचे, पण बाईसाठी कामाचे वेगळे कपडे विकत घेणं घरखर्चाच्या हिशेबात बसत नाही. जुना झालेला शर्ट तिच्याकडे येतो. कपड्यातून घराची आर्थिक उतरंड वाचता येते ती अशी.

निरीक्षणाला चौघांचा गट पुरे. दोघांनी बोलायचं, एकानं लिहायचं, एकानं रेखाटायचं. ‘तुमचा पारंपरिक पोशाख कोणता?’ हा प्रश्न विचारू नका; लोक लगेच लग्नातली साडी काढून दाखवतात आणि रोजचा कपडा पेटीतच राहतो. त्याऐवजी विचारा: हा कपडा आधी कोणाचा होता, ठिगळ कोणी लावलं, जुना झाला की त्याचं काय होतं? फोटो परवानगीशिवाय नको.

सिद्धांत यानंतर शिकवावा. आधी शिकवला, की मुलं बाजारात फक्त तोच शोधत फिरतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०४ साली मांडलं की वरच्या वर्गाची फॅशन खालचे उचलतात आणि मग वरचे ती टाकून देतात. आता डिसेंबर १९२७ चा महाड सत्याग्रह समोर ठेवा. डॉ. आंबेडकरांनी तिथं जमलेल्या स्त्रियांना जातीची खूण ठरलेली नेसण आणि जड दागिने सोडायला सांगितलं. याला नुसतं अनुकरण म्हणता येईल का? वर्गात यावर तासभर वाद होऊ द्यावा, उत्तर सांगायची घाई नको.

कापडही हाताळलं पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडात ताणा (उभे धागे) सुताचा, बाणा (आडवे धागे) रेशमाचा असतो. दुकानात ‘हिमरू’ म्हणून मिळणारी शाल तपासायची, तर ताण्याचे आणि बाण्याचे पाच-सहा धागे वेगवेगळे काढा, चिमट्यात धरून जाळा, शेजारी पाणी ठेवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. रेशमाला केसांचा, आणि त्याची राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. फसगत होते ती व्हिस्कोसमध्ये, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्यात. तेही कागदासारखंच जळतं, त्यामुळे जाळून ते सूत की व्हिस्कोस हे ठरत नाही. व्हिस्कोस भिजल्यावर कमजोर होतं, सूत होत नाही. ओला धागा ओढून पाहा.

शेवटी वेळापत्रक, कारण बहुतेक प्रकल्प तिथंच फसतात. ऊसतोडीच्या टोळ्या साधारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे काम पाहायचं ते डिसेंबर-जानेवारीत, कारखान्याजवळच्या फडात. या बायकांसाठी सुधारलेला शर्ट शिवायचा, तर मापं घ्यायची जून-जुलैत, त्यांच्या गावी. मापं घेताना साडी नेसलेलीच असू द्या आणि कमरेला निऱ्यांसकट घेर मोजा. नमुना मांजरपाटात शिवून दसऱ्याच्या आत घालून बघायला द्या. टोळी निघून गेली, तर दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यावर जाते.