लाकडाचं वय

हर्णै बंदर. १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस. ताडपत्रीखाली उभी आहे ती माझ्या काकांची होडी. सागवानी, वय ३४. वय सांगताना काका आवाज जरा खाली आणतात, कारण त्यापायीच एका विमा कार्यालयातून त्यांचा अर्ज दोनदा परत आलाय.

"माणसाचं वय विचारतात ते ठीक. लाकडाचं कशाला?"

प्रश्न भाबडा नाही. फळी बदलता येते. या होडीच्या बुडाच्या बऱ्याच फळ्या गेल्या आठ वर्षांत नव्या बसल्यात. कागदावर मात्र बांधणीचं सालच दिसतं.

मच्छीमार सोसायटीत विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, "विमा आहे की आपला!" आहे, पण तो माणसाचा. मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख मिळतात. होडीच्या फळीला त्यातला रुपया नाही.

आणि होडीला धोका फक्त खोल पाण्यात नसतो. वादळाची हूल उठली की इथल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीकडे धावतात. खाडीच्या तोंडाशी गाळ. घाईत बूड टेकलं, की मागची लाट होडी आडवी करते. वादळ जूनमध्येही येतं; निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२० ला. म्हणून ओढून ठेवलेल्या होडीचं नुकसान पॉलिसीत धरलंय का, हे पहिलं विचारायचं.

विम्याच्या तपासणीला हेच दोन महिने चांगले, बूड पूर्ण उघडं असतं. सर्व्हेअर आला तो छोटी हातोडी घेऊन. फळीफळीवर टकटक करत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे सरकत गेला. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं. सुकाणूजवळ आवाज एकदम भद्द आला. त्याने टोचा लावला, तो बोटभर आत गेला. काका काही बोलले नाहीत. किड्याने पोखरलेली ती फळी त्यांना आधीच ठाऊक होती, असा माझा संशय आहे.

आता पैशाचं. काकांचा हिशेब सरळ होता: किंमत कमी लावा, हप्ता कमी. हप्ता कमी होतो खरा. पण सहा लाखांची होडी तीन लाखांना उतरवली, तर मोडतोडीची भरपाईही निम्मीच. उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी आपणच, असं १९६३ चा सागरी विमा कायदा धरतो. त्यापेक्षा किंमत खरी लावून फक्त संपूर्ण नुकसानीचा विमा घेतलेला बरा. होडी पुरती गेली तरच पैसे. फळी फुटली, पंखा तुटला तर खर्च आपला. हप्ता उतरतो. फळी काका स्वतः बसवतात, त्यामुळे मला तरी त्यांच्यासाठी हाच व्यवहार पटतो. नोंदणी आणि परवाना चालू हवा, त्याशिवाय बोलणंच नको.

राहिला पुरावा. आठ वर्षांची डागडुजी झाली ती सगळी तोंडी. सुतारांकडे कधी कोणी बिल मागितलंच नव्हतं. नवी फळी ठोकून झाल्यावर त्यांनी वहीचं पान फाडलं, मांडीवर ठेवून लिहिलं: साग फळी एक, खिळे, राळ, मजुरी.

काका पान लांब धरून वाचतात.

"तारीख घाला, सुतारानू."