साईट बनवून झाली, पुढचं कोण बघणार?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. इथे निम्मे होमस्टेवाले दिसतायत, बाकी आंबा-काजूवाले, आणि शेवटच्या रांगेत काही जण असे ज्यांना बाबांनी 'तूच जा, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून पिटाळलंय. तुम्ही नीट ऐका, कारण हे काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

आधी हात वर करा. तुमच्या साईटच्या आत, म्हणजे साईट ज्या सॉफ्टवेअरवर बनते त्या वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये, मालकाच्या कामाच्या पानावर, शेवटचं लॉगिन कुणी केलं आणि कधी, हे किती जणांना सांगता येईल? ...दोन. चालेल, अंदाज होताच.

बहुतेकांचं असं असतं की एका ओळखीच्या पोराने साईट करून दिली, उद्घाटनाचा फोटो व्हॉट्सअपवर गेला, आता तो पोरगा हिंजवडीला नोकरीला आणि साईट आहे तशी चालू. दिसते छान, बुकिंगचे फोन येतात, मग कशाला हात लावायचा? आणि दुसरं वाक्य मी प्रत्येक गावात ऐकतो, 'आमची एवढीशी साईट, आम्हाला कोण हॅक करणार?'

तर तुम्हाला कुणी निवडत बसत नाही. चोर गल्लीत फिरून दाराच्या कड्या हलवून बघतो ना, कुठली उघडी आहे ते, तसं. प्रोग्रॅम लावलेले असतात, ते दिवसरात्र लाखो साईटना विचारत फिरतात की बाबा तुझ्याकडे अमुक प्लगिनचं, म्हणजे साईटला जोडलेल्या जादा सोयीचं, अमुक जुनं व्हर्जन आहे का. हो म्हटलं की आत. मालवणचा होमस्टे आहे का अमेरिकेतलं दुकान, त्याला घेणंदेणं नाही. आणि चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाईट वर्डप्रेसवर चालतात म्हटल्यावर एक भोक सापडलं की सगळीकडे तेच चालतं.

आता मुख्य गोष्ट, आणि आज एवढी एकच डोक्यात राहिली तरी पुष्कळ. सिक्युरिटीचं अपडेट आलं म्हणजे 'सावकाश करू' नाही, त्या क्षणापासून शर्यत चालू झाली. का? तर दुरुस्तीचा कोड उघडा असतो. जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवून बघितली की नेमकी कुठली ओळ बदलली ते दिसतं, म्हणजे भोक कुठे होतं ते जगाला सांगून झालं. अपडेट ही एकाच वेळी तुम्हाला दिलेली दुरुस्ती आणि चोराला दिलेला पत्ता असते.

ड्रुपल नावाची वर्डप्रेससारखीच एक सिस्टीम आहे. 15 ऑक्टोबर 2014 ला त्यांनी डेटाबेसपर्यंत पोचवणारी एक मोठी गडबड जाहीर केली आणि दुरुस्ती दिली. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सिक्युरिटी टीमने सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी साईट हॅक झालीच आहे असं धरून चालावं. सात तास! आपल्या घड्याळात मोजा, रात्री साडेनऊला जाहीर झालं आणि पहाटे साडेचारला मुदत संपली. तुम्ही जेवून झोपलात आणि उठायच्या आत खेळ खल्लास.

वर्डप्रेसवाले त्याबाबतीत जरा हुशारीने वागले. 26 जानेवारी 2017 ला 4.7.2 हे व्हर्जन आलं, पण त्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट त्यांनी मुद्दाम आठवडाभर, 1 फेब्रुवारीपर्यंत, सांगितलीच नाही. गडबड अशी होती की लेखाच्या नंबरपुढे नुसती अक्षरं चिकटवली तरी परवानगी तपासायचं काम गंडायचं आणि बाहेरचा कुणीही लेख बदलू शकायचा. 2013 च्या 3.7 पासून छोटी अपडेट्स आपोआप होतात, त्यामुळे ज्यांचं ऑटो चालू होतं त्यांची साईट गुपचूप दुरुस्त होऊन गेली, त्यांना पत्ताही नाही. ज्यांनी ते बंद करून ठेवलेलं त्यांच्याकडे मात्र पुढच्या काही दिवसांत दहा लाखांवर पानं बिघडवली गेली.

आणि ऑटो बंद करतं कोण? साईट बनवणाराच! कारण त्याने थीमच्या, म्हणजे साईटच्या दिसण्याच्या साच्याच्या, मूळ फाईलमध्येच हात घालून बदल केलेले असतात, अपडेट झालं की ते पुसले जाणार, मग गिऱ्हाईकाचा फोन येणार. म्हणून तो गुपचूप बंद करून जातो. हे मला अजिबात पटत नाही. त्यासाठी चाइल्ड थीम म्हणून साधी सोय आहे, बदल वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, मूळ थीम खुशाल अपडेट करा. पैसे देण्याआधी एवढं विचाराच, चाइल्ड थीम केलीयस का रे बाबा.

थीमचा अजून एक घोळ. 2014 मध्ये रेव्होल्यूशन स्लायडर, म्हणजे होमपेजवर फोटो सरकतात ते प्लगिन, त्याच्या भोकातून डिसेंबरात लाखभर साईटना बाधा झाली, गुगलने अकरा हजारांवर डोमेन, म्हणजे साईटचे पत्ते, ब्लॉक केली. कंपनीने दुरुस्ती त्याआधी कित्येक महिने दिली होती हो! पण ते स्लायडर विकतच्या थीममध्ये आतून घातलेलं असायचं, त्यामुळे मालकाला आपल्याकडे ते आहे हेच माहीत नाही आणि डॅशबोर्डवर सूचनाही येत नाही. विकतच्या थीमचं असं, आणि 'पाच हजाराची थीम फुकट' म्हणून टेलिग्रामवरून घेतली असेल तर विचारूच नका, डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर असल्याच फुकट्या थीम-प्लगिनमधून पसरला, म्हणजे चोराला तुम्ही स्वतः घरात आणून बसवलं.

(श्रोत्यांमधून: पण सर, अपडेटमधूनच व्हायरस आला तर?)

येतो, अगदी खरंय. 2017 मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं दोनेक लाख साईटवरचं चांगलं चालणारं प्लगिन मूळवाल्याने विकून टाकलं आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच चोरदार घुसवलं. शेवटी वर्डप्रेसने ते यादीतून कायमचं काढलं. पण म्हणून अपडेट बंद करायचं नाही, प्लगिनच कमी ठेवायची. वापरात नसलेलं नुसतं डीॲक्टिव्हेट नका करू, डिलीट करा, कारण फाईल सर्व्हरवर, म्हणजे साईट जिथे ठेवलीय त्या कॉम्प्युटरवर, पडून असते आणि बाहेरून थेट तिला हाक मारता येते. 2020 मध्ये फाईल मॅनेजर नावाच्या प्लगिनचं तसंच झालं, सात लाख साईटवर होतं ते आणि आतली एक नमुन्याची फाईल कुणालाही उघडता येत होती. सर्व्हरच्या फायली बघायला होस्टिंगचं, म्हणजे साईटला जागा देणाऱ्या कंपनीचं, सीपॅनल असताना साईटमध्ये ते प्लगिन हवंच कशाला, सांगा.

माझं मत सांगतो. वर्डप्रेस आणि साधी प्लगिन ऑटोवर टाका, 2020 च्या 5.5 पासून प्रत्येक प्लगिनसमोर तशी सोय आहे. फक्त पेमेंटशी आणि बुकिंगशी संबंधित जे असेल ते हाताने करा, आधी बॅकअप घेऊन, करून झाल्यावर स्वतः एक खोटी ऑर्डर टाकून बघा. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे, सर्व्हर गेला की दोन्ही गेलं, तेव्हा ड्राइव्हवर किंवा घरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि वर्षातून एकदा तरी परत चढवून बघा की चालतो का. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, तिचं व्हर्जनही बघा, 7.4 चा सपोर्ट नोव्हेंबर 2022 लाच संपला तरी कित्येक साईट अजून त्यावर आहेत. लॉगिनला ओटीपीवालं ॲप लावा. आणि डोमेन कुणाच्या ईमेलवर रजिस्टर आहे ते आज घरी जाऊन बघाच, त्या हिंजवडीवाल्याच्या असेल तर गोड बोलून आधी आपल्या नावावर करून घ्या.

(श्रोत्यांमधून: हॅक झालंय हे कळतं कसं? साईट तर बरोबर दिसते.)

तुम्हाला बरोबरच दिसणार, तुम्ही लॉगिन केलेलं असता. चोर गुगलला वेगळं पान दाखवतो, गिऱ्हाईकाला वेगळं. गुगलमधून मोबाइलवर आलेला माणूस थेट सट्ट्याच्या साईटवर जातो आणि तुम्हाला वाटतं यंदा बुकिंग कमी का. म्हणून गुगलमध्ये इंग्रजीत साइट, मग कोलन, मग स्पेस न देता आपलं डोमेन टाकून बघा. आंब्याच्या पेटीऐवजी जपानी अक्षरांत ब्रँडेड बुटांची पानं निघाली तर समजायचं. आणि पेमेंटच्या पानावरचा क्यूआर कोड अधूनमधून स्वतः स्कॅन करा, नाव आपलंच येतंय ना, कारण आत शिरलेल्याला ते चित्र बदलायला वेळ लागत नाही.

सापडलंच तर घाईने सगळं डिलीट करू नका. आधी आहे तशी कॉपी काढा, मग होस्टिंगसकट सगळे पासवर्ड बदला, युजरच्या यादीत अनोळखी ॲडमिन बघा, वर्डप्रेस आणि प्लगिन नव्याने उतरवून टाका आणि जिथून शिरला ते भोक बुजवा, नाहीतर आठवड्यात परत येतो. साफ झाल्यावर सर्च कन्सोल, म्हणजे साईटमालकांसाठीची गुगलची सोय, तिच्यातून गुगलला परत तपासायला सांगावं लागतं, त्याला दिवस जातात, कधी आठवडे. ऐन एप्रिलात पेट्या पॅक करता करता हे होणार नाही, म्हणून जे काय बघायचं ते दिवाळीनंतर, मोहोर धरायच्या आत बघून घ्या. पुढचा प्रश्न?