डोक-सनचा नवरा कोण?

२०१५ च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत दक्षिण कोरियात दर शुक्रवारी-शनिवारी रात्री एकाच गोष्टीवरून वाद पेटायचा, डोक-सनचा नवरा कोण? सिरीयल होती टीव्हीएन चॅनेलची 'रिप्लाय १९८८', लेखिका ली वू-जंग, दिग्दर्शक शिन वन-हो. सोल शहरातली सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, गल्लीत पाच घरं, आणि त्या घरांमधली पाच पोरं, एकत्र वाढलेली. त्यातली डोक-सन ही एकटी मुलगी. सुरुवातीलाच मोठी झालेली डोक-सन आणि तिचा नवरा कॅमेऱ्यासमोर बसून जुन्या आठवणी सांगताना दिसतात, पण तो नवरा म्हणजे त्या चौघांतला नेमका कोण हे काही सांगत नाहीत, आणि मग वीस एपिसोड प्रेक्षक अक्षरशः पुरावे गोळा करत बसले.

एक सांगून ठेवते, पुढे शेवट फुटणार आहेत. ज्यांनी या सिरीयली बघितल्या नाहीत त्यांनी आधी बघून या.

तर दोन तट पडले. एक जंग-ह्वानचा. हा तोंडाने फटकळ, पण बसमध्ये गर्दीचा रेटा तिच्यावर येऊ नये म्हणून हात घट्ट रोवून तिच्यामागे उभा राहणारा. आणि दुसरा तेकचा. तेक म्हणजे 'गो' या पटावरच्या खेळाचा चॅम्पियन, देशभर नाव, आणि घरी मात्र झोपेच्या गोळ्या घेऊन झोपणारा, बूटाची नाडी सुद्धा धड न बांधता येणारा पोरगा. प्रेक्षकांतला मोठा गट जंग-ह्वानच्या बाजूने होता आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण पहिल्या निम्म्या भागात कॅमेरा जंग-ह्वानच्या डोळ्यातून डोक-सनकडे बघतो, त्याचं झुरणं आपल्याला कळतं, तेकचं फारसं कळत नाही. शिवाय मोठेपणीचा जो नवरा दाखवलाय तो चेष्टेखोर, टोमणे मारणारा, म्हणजे हुबेहूब जंग-ह्वान वाटावा असा. आणि शेवटी नवरा निघाला तेक! लोक चिडले. आजही चिडतात, त्या एंडिंगवर अजून भांडणं होतात.

आता अठराव्या एपिसोडकडे या. १९९४ साल आहे. डोक-सन एका म्युझिक कॉन्सर्टच्या बाहेर एकटी उभी आहे, ज्याच्याबरोबर येणार होती तो आलेला नाही. जंग-ह्वानला हे कळतं आणि तो गाडी दामटत निघतो, वाटेत सिग्नल लागतात, पोचतो तर तेक आधीच तिथे उभा. तेकने त्या दिवशीची मॅच सोडून दिलेली असते, खेळलाच नाही. जंग-ह्वान लांबूनच बघतो आणि मनात म्हणतो की दोष सिग्नलचा नव्हता, दोष माझ्या इतक्या वेळच्या कचरण्याचा होता. नंतर मित्रांबरोबर बसलेला असताना तो एअर फोर्स अकॅडमीची अंगठी काढून डोक-सनसमोर ठेवतो आणि वर्षानुवर्षं मनात साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकतो, शाळेच्या बसपासून सगळं. ती गप्प. आणि मग हा हसतो आणि सगळं मस्करीवर नेतो. अंगठी टेबलावर तशीच राहते.

हा सीन बघून जंग-ह्वानसाठी जीव तुटला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. पण मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. आपण सगळे बघणारे दोन मुलांची लायकी मोजत बसलो होतो, कोणी जास्त सहन केलं, कोणी जास्त वाट बघितली, कोणाचा हक्क मोठा. आणि सिरीयलने याच्या कितीतरी आधी, त्या चौघांतल्याच, बाकी मस्तीत असणाऱ्या डोंग-र्योंगच्या तोंडून, डोक-सनला एक साधा प्रश्न विचारून ठेवलाय. तोपर्यंत तिचं काय झालेलं, मैत्रिणी म्हणाल्या गल्लीतल्याच सन-वूला तू आवडतेस की ही सन-वूच्या प्रेमात, मैत्रिणी म्हणाल्या जंग-ह्वानला आवडतेस की ही तिकडे. तेव्हा डोंग-र्योंग विचारतो, तू कोणाला आवडतेस ते सोड, तुला कोण आवडतं? तीन भावंडांतली मधली मुलगी ती, जिचा वाढदिवस सुद्धा थोरल्या बहिणीच्या केकवर उरकला जायचा, तिला काय हवंय हे आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या मते ही सगळी लव्ह स्टोरी त्या एका प्रश्नावर उभी आहे, आणि 'जंग-ह्वानवर अन्याय झाला' म्हणणाऱ्यांनी तेवढा एक सीन परत बघावा.

एक तक्रार मात्र मला शंभर टक्के पटते, तेक आणि डोक-सनला शेवटच्या एपिसोडांत फार कमी वेळ दिला. शेवटचा एपिसोड जातो थोरल्या बहिणीच्या, बोराच्या लग्नात. बोरा आणि सन-वू दोघांचं आडनाव सुंग, कुळही एकच, आणि कोरियात तेव्हा एकाच कुळातल्यांचं लग्न कायद्याने होत नव्हतं, १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरवला. सगोत्र म्हणून मोडलेल्या सोयरिकी आपल्याकडे किती घरांनी बघितल्या असतील, त्यामुळे तो भाग मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. आणि त्या लग्नात बोराच्या वडिलांचे बूट आहेत. लेकीने आणून दिलेले नवे बूट, मापाला मोठे. तो माणूस तक्रार न करता आत कागद कोंबून ते घालतो आणि दिवसभर तसाच वावरतो. बाप-लेकीचं आयुष्यात धड बोलणं झालेलं नाही, आणि जे काही आहे ते त्या बुटात आहे. रोमान्सला वेळ कमी दिला म्हणून मी रागावले होते, पण या सीनपुढे तो राग टिकत नाही. शेवटच्या एपिसोडला १८ टक्क्यांच्या वर रेटिंग मिळालं, तोवर केबल चॅनेलवरच्या कुठल्याच कोरियन सिरीयलला एवढं मिळालेलं नव्हतं.

पण प्रेक्षक नेहमीच चुकतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. २००४ मध्ये एसबीएस चॅनेलवर 'लव्हर्स इन पॅरिस' लागायची, लेखिका किम उन-सुक, गरीब मुलगी आणि श्रीमंत कंपनीवाला, ५० टक्क्यांच्या वर रेटिंग गेलेलं, म्हणजे टीव्ही असलेल्या दर दोन घरांतल्या एका घरात त्या वेळी हेच चालू. आणि शेवटी काय, तर ही सगळी गोष्ट एका मुलीने लिहिलेली स्क्रिप्ट होती! शेवट प्रसारणाआधीच बाहेर फुटला, लोकांनी बदला बदला म्हणून नुसता गदारोळ केला, तरी शेवट तोच गेला. इथे मी पूर्णपणे लोकांच्या बाजूने आहे. दोन महिने रडवायचं, हसवायचं, आणि मग सांगायचं की ती माणसं नव्हतीच? दुःखी शेवट चालतो हो, पण जिच्याबरोबर इतकं चाललो तिला काय हवं होतं याचं उत्तरच काढून घेतलं तर काय करायचं?

लोकांचा आवाज एवढा का चालायचा याला कारणही आहे. कोरियन सिरीयल साधारण १६ किंवा २० एपिसोडची, आठवड्याला दोन, बहुतेक वेळा एकच लेखक किंवा लेखिका. आणि पूर्वी शूटिंग प्रसारणाबरोबरच चालायचं, सेटवर स्क्रिप्टची पानं सुट्टी सुट्टी यायची, कधी तर ज्या दिवशी एपिसोड लागणार त्याच दिवशी शूट. त्यामुळे सोमवारी प्रेक्षक काय बोलले ते पुढच्या आठवड्यात पडद्यावर उतरू शकायचं, सेकंड लीड, म्हणजे हिरोनंतरचा दुसरा नायक, लोकांना आवडला की त्याचे सीन वाढायचे, रेटिंग चांगलं आलं की एपिसोड वाढायचे. कलाकार आणि युनिट झोपेविना काम करायचं ती बाजू वेगळी आणि वाईट, २०१८ पासून ५२ तासांच्या आठवड्याचा कायदा आला आणि आधी शूट करून ठेवण्याकडे कल वाढला. तरी सुद्धा शेवट ठरलेला असतो हे महत्त्वाचं. आपल्याकडे डेली सोप वर्षानुवर्षं चालते, लग्न झालं तरी गोष्ट संपवता येत नाही, मग गैरसमज, स्मृतिभ्रंश, दुसरी बाई, हे सगळं आणावंच लागतं. मराठी घरांतल्या कितीतरी मुली, आणि आता त्यांच्या आया सुद्धा, कोरियन सिरीयलींकडे वळल्या त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं, सोळा एपिसोडांत गोष्ट संपते आणि संपल्यावर बोलायला काहीतरी उरतं.

आता 'माय नेम इज किम साम-सून'. २००५, एमबीसी चॅनेल. तिशीला टेकलेली, स्वतःला जाडी म्हणवून घेणारी, केक बनवणारी साम-सून, आणि रेस्टॉरंटचा मालक जिन-हन, म्हणजे ह्यून बिन हा नट. लोकांनी डोक्यावर घेतली. यात शेवटी लग्न लागत नाही बरं का, त्याच्या आईचा विरोध तसाच आहे, दोघं फक्त प्रेमात आहेत आणि साम-सून म्हणते की कदाचित उद्या तुटेलही, तरी आज मनापासून प्रेम करायचं. 'लव्हर्स इन पॅरिस'नंतर एकाच वर्षाने याच प्रेक्षकांनी हा अर्धवट शेवट आनंदाने घेतला! कारण तो निर्णय साम-सूनचा होता.

पण त्याच सिरीयलमधला जिन-हन आज बघवत नाही. ओरडतो, मनगट धरून ओढत नेतो, तिचा अपमान करतो, आणि त्या काळात याला रोमान्स म्हणायचे. २००९ च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'चा हिरो गु जुन-प्यो त्याच्याही पुढचा. पुढे कोरियातल्याच बायकांनी बोलायला सुरुवात केली की मनगट धरून ओढणं हे प्रेम नाही, आणि बोलत राहिल्या. २०२४ मध्ये साम-सूनची नवी आवृत्ती आली, १६ चे ८ एपिसोड करून, मूळ दिग्दर्शक किम यून-चल यांनीच पुन्हा एडिट केलेली, आणि त्यात जिन-हनचं हे वागणं बरंच छाटलंय. एकोणीस वर्षांनी का होईना, पण प्रेक्षकांचं म्हणणं कात्रीपर्यंत पोचलं. जुनं काम असं छाटावं का यावर मतं वेगळी असू शकतात, माझं मत असं की मूळही राहू द्या आणि नवीनही, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल.

आणि आता २०२५ ची 'व्हेन लाईफ गिव्हज यू टँजरीन्स', जेजू बेटावरची गोष्ट. सासरी बायकांचं ताट वेगळं, पुरुषांचं वेगळं. नवरा ग्वान-शिक पुरुषांच्या पंगतीत बसलेला, आणि तो सगळ्यांदेखत बसल्या जागी वळतो, घरच्या मोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोकडे, आए-सूनकडे तोंड करून तिच्याबरोबर जेवायला लागतो. मनगट नाही, पाऊस नाही, स्लो मोशन नाही. घरातल्या बायकाच हादरतात. असे नवरे फक्त टीव्हीतच असतात, असं बऱ्याच जणी म्हणाल्या, पण या माणसाला सिरीयल फुकट चांगुलपणा देत नाही, तो समुद्रावर राबतो, लेकरू गमावतो, म्हातारा होतो, आजारी पडतो, आणि आए-सूनशी त्याचं वागणं पन्नास वर्षं बघायला मिळतं. मला तो खरा वाटला. ज्यांना वाटला नाही त्यांनी खाली सांगा, आणि जंग-ह्वानवाले अजून कोणी शिल्लक असतील तर त्यांनी पण, पण आधी तो डोंग-र्योंगचा सीन बघून.