रिकामं वर्तुळ

रात्रीचे दोन. आयसीयूत व्हेंटिलेटरची लय तेवढी ऐकू येते. रुग्णाच्या श्वासनलिकेत उतरलेली ही नळी त्याला जगवते आहे. पण तोंडातले जंतू याच नळीच्या कडेने फुप्फुसांत झिरपतात. दोन दिवस उलटले की धोका सुरू होतो. ताप चढतो, ऑक्सिजन उतरतो, सक्शनमध्ये, म्हणजे नळीतला स्राव ओढून काढताना, घट्ट पिवळा स्राव येतो.

त्या स्रावाचा नमुना लॅबमध्ये येतो. पहिल्या दिवशी जंतू वाढवायचे. दुसऱ्या दिवशी ते नव्या बशीवर पसरून वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, रिकामं वर्तुळ उमटतं.

ही बशी बघा. मेरोपेनेम या अँटिबायोटिकची चकती, वर्तुळ नाही. इमिपेनेम, नाही. जंतू चकतीला खेटून वाढलेत. हा क्लेबसिएला न्यूमोनिए.

इतर औषधं हरली की मेरोपेनेम काढायचं, असा शिरस्ता होता. आता हा जंतू ते औषध फोडणारं विकर (एन्झाइम) स्वतःच बनवतो. अशा एका विकराच्या नावात आपली राजधानी आहे: न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१. २००८मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात ते सापडलं. नावाचा आपल्याला राग आला. असे जंतू तयारच का होतात, याचा राग त्याहून जास्त यायला हवा होता. कारण हे विकर बनवणारा जनुक डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतो, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

मग बऱ्याचदा उरतं कोलिस्टिन. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलेलं औषध. आज तेच शिरेतून द्यायचं आणि क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर, डोळा ठेवायचा. हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही जात होतं. भारतात त्यावर बंदी आली २०१९मध्ये.

रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांना अंदाजानेच औषध निवडावं लागतं. अंदाज चुकला, तर ते दोन दिवस रुग्णाचे गेले.

पहाटेचे चार. सिस्टर पलंग डोक्याकडून उंच करतात, रुग्णाचं तोंड स्वच्छ करतात. मग हातावर सॅनिटायझर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळतात, वीस सेकंद. पुढचा बेड चार पावलांवर आहे.